दोन्ही टोकांचे बल आधी जुळू दे

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे स्ट्रेस-स्ट्रेनचे, म्हणजे नमुन्यावरचा ताण आणि त्याचे दबणे यांचे, तीन आलेख मिळाले. पॉलिकार्बोनेट प्लास्टिक तेच, आघाताचा दांडा म्हणजे स्ट्रायकर सोडणाऱ्या गॅस गनचा दाब तोच, तरीही सुरुवातीचा चढ तिन्हींत वेगळा; आणि यांतला खरा कोणता, की सरासरी काढावी, असे तू विचारतेस. सरासरी मुळीच काढू नकोस. आधी नमुन्याच्या दोन्ही टोकांवरचे बल जुळते का, ते पाहा.

स्प्लिट हॉपकिन्सन बारचे, म्हणजे दोन लांब दांड्यांमध्ये (बारमध्ये) नमुना धरून एका दांड्यावर आघात करायच्या तुझ्या या चाचणीचे, गणित ही बले समान आहेत या गृहीतकावर उभे आहे. शास्त्रज्ञ कोल्स्की यांनी १९४९ मध्ये या पद्धतीने पॉलिथीन, रबर आणि पर्स्पेक्स हे ॲक्रिलिक प्लास्टिकही तपासले, तेही पातळ चकत्या घेऊन. अशा पॉलिमरमध्ये आघाताचा तरंग सेकंदाला साधारण दोन किलोमीटर धावतो. म्हणजे तुझ्या ४ मिलिमीटरच्या नमुन्यातून जाऊन परत यायला त्याला ४ मायक्रोसेकंद लागतात, आणि बल समान व्हायला अशा तीन-चार फेऱ्या तरी हव्यात. तेवढ्या अवधीत, प्रतिसेकंद २००० या स्ट्रेन रेटने, म्हणजे दबण्याच्या दराने, नमुना दोन-तीन टक्के दबलेलाही असतो. मग त्या चढावरून तू मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचे माप, काढलास तो कशाचा?

पोलादी बारमध्ये पारेषित, म्हणजे नमुन्यातून पलीकडच्या बारमध्ये गेलेला, तरंग इतका क्षीण येतो की गोंगाटात हरवतो, म्हणून ॲल्युमिनियमचे बार घे. स्ट्रायकर आदळतो तिथे तांब्याची पातळ चकती लाव, म्हणजे तरंग सावकाश चढेल. नमुना फारच पातळ करण्याच्या मोहात मात्र पडू नकोस. घर्षणाचा वाटा वाढतो आणि ग्रीस लावूनही तो पुरता जात नाही. एवढे करून पुन्हा तेच पाहा: आपाती (नमुन्याकडे येणाऱ्या) आणि परावर्तित (नमुन्यावरून मागे फिरलेल्या) तरंगांची चिन्हांसह बेरीज पारेषित तरंगाशी जुळते का? जुळत नसेल, तर तो भाग सोडून दे, कितीही देखणा असला तरी.

मी हेकट वाटत असेन. वाटो. एका प्रकल्पात अहवालाची घाई होती आणि हा तपास झाल्याशिवाय सही करणार नाही म्हणून मी अडून बसलो. काम हातचे गेले, एक जवळचा मित्र दुरावला, त्याची खंत आजही आहे. पण त्या आकड्यांवरून कोणीतरी हेल्मेटची काच आखणार होते, आणि सही करायला हवी होती हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

तुझ्या हस्ताक्षरातच थकवा दिसतो. दोन दिवस प्रयोगशाळेकडे फिरकू नकोस. त्यानंतर मला स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख न पाठवता दोन्ही बलांचे आलेख एकावर एक काढून पाठव, आणि नमुन्यांची जाडी मायक्रोमीटरने पुन्हा मोजून कळव. तिसरा नमुना जाड असावा, असा मला संशय आहे.