जुन्या जर्मन रेडिओच्या एफएम पट्टीवरील २, १०, ३० हे आकडे कशाचे?

१९५०च्या दशकातील ग्रुंडिग किंवा टेलिफुंकेनच्या संचावर 'यूकेडब्ल्यू' (एफएम पट्टीचे जर्मन नाव) या अक्षरांजवळ दिसणारे हे आकडे चॅनेल-क्रमांक आहेत. पश्चिम जर्मनीत केंद्रांना ०.३ मेगाहर्ट्झ अंतराने वारंवारतांचे वाटप होत असल्यामुळे क्रमांकाला ०.३ने गुणून त्यात ८७ मिळवले की वारंवारता मिळते. म्हणजे चॅनेल २ म्हणजे ८७.६ आणि चॅनेल १० म्हणजे ९०.० मेगाहर्ट्झ. केंद्र ०.१ने वर वा खाली असेल, तर क्रमांकापुढे अधिक किंवा उणे चिन्ह लावत. या हिशोबाने मुंबई-पुण्याचे ९८.३ हे केंद्र '३८ उणे' या जागी, म्हणजे ३८च्या रेघेच्या किंचित अलीकडे सापडेल. मात्र त्या काळच्या बहुतेक पट्ट्या १०० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतात, म्हणून १०७.१वरील मुंबईचे एफएम रेनबो त्यावर लागणार नाही; त्यासाठी ट्यूनरमध्ये फेरफार करून घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण मूळ जुळणी एकदा बिघडली की ती परत बसवणे फार कठीण जाते.

आपल्या संचावर २०१ ते ३०० असे आकडे असतील, तर तो अमेरिकी आहे. तेथे २०१ म्हणजे ८८.१ असून पुढील प्रत्येक क्रमांकास ०.२ वाढते.