ज्यू लोकांना 2016 ला अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्याआधी महाराष्ट्रात त्यांना कोणी मानत नव्हतं का?

मी स्वतः बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, ठाण्याचा, त्यामुळे घरातलंच सांगतो.

लोकांचा त्रास नव्हताच हो, त्रास फॉर्मचा होता. माझ्या दहावीच्या फॉर्मला धर्म ज्यू सांगितला तर शाळेतले क्लार्क म्हणाले असा ऑप्शनच नाहीये, ख्रिश्चन टाकू का, मग बाबांनी अर्धा तास हुज्जत घालून 'इतर' करून घेतलं. केंद्राच्या यादीत 1993 ला पाच धर्म आले, 2014 ला जैन, आम्ही अजून नाही. महाराष्ट्राने दिलेला दर्जा राज्यापुरता. त्यातून शिष्यवृत्ती वगैरे मिळते, स्वतःच्या शिक्षणसंस्थाही चालवता येतात, पण 2011 च्या जनगणनेत राज्यात आम्ही अडीच हजारांच्या आसपास, शाळा काढून बसवायचं कोणाला?

बाकी गावाने कधीच सामावून घेतलं होतं. आमच्यात सांगतात की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ती कोकणातच राहिली. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. म्हणजे धर्म कुठला ते कोणाला कळलं नाही पण जातीच्या उतरंडीत एक जागा मिळाली, आता याला स्वीकारणं म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. आडनावं पेणकर, रोहेकर, घरात मराठी, आणि एलियाहू हन्नबीच्या (आमचा प्रेषित) नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा केला की शेजारी ताट जाणारच.

खरं डोक्यात जातं ते वेगळंच. मुंबईतल्या बगदादी ज्यूंना (बगदादकडून आलेले ज्यू) आमचं ज्यूपण कमअस्सल वाटायचं, आणि इस्रायलला गेलेल्यांना तर 1960 च्या सुमारास तिथल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) लग्नाच्या वेळी वंशावळ विचारायला सुरुवात केली, तुमच्या आजी-पणजी ज्यूच होत्या कशावरून म्हणून!! लोक जेरुसलेमला आंदोलनाला बसले तेव्हा कुठे 1964 ला सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. इथे दोन हजार वर्षं राहिलो असं आम्ही म्हणतो, तेवढ्यात असलं कोणी विचारलं नव्हतं.

परवा पुतण्याच्या दाखल्यावर 'ज्यू' असं स्वच्छ छापून आलं, आईने फोटो काढून इस्रायलमधल्या अश्दोदच्या मावशीला पाठवला. मावशीचा रिप्लाय, "छान, पण याने त्याला नोकरी लागणारे का?"