आधी वायर बघा

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच रडगाणं होतं. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला आणि चित्र येईना, किंवा आलं ते धड येईना. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात लाल चिकटपट्टी गुंडाळलेल्या चार केबली ठेवल्यात, चालतात याची मला शंभर टक्के खात्री असलेल्या. गिऱ्हाईक काहीही सांगो, मी पहिल्यांदा त्यातली एक काढते. लॅपटॉप उघडायचं मग बघू. खाली दिलेल्या पाचांपैकी तिघांचं काम त्या डब्यातच झालं असतं.

ताई, नव्या लॅपटॉपला सी-टाइपचे दोन पोर्ट आहेत, मॉनिटरलाही आहे. मोबाइल चार्जरची केबल दोन्हीकडे बरोबर बसते, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि झोपी जातो. दुकानदार म्हणतोय, लॅपटॉप कंपनीकडे पाठवा. — एक वाचक, मिरज

पाठवू नका, आज तरी नको. सी-टाइपचं तोंड सगळीकडे सारखं असलं तरी पोट वेगवेगळं असतं. मोबाइलबरोबर येणाऱ्या बहुतेक केबलींत चार्जिंगच्या आणि यूएसबी २.० च्या डेटाच्याच तारा असतात. चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या त्यात घातलेल्याच नसतात. म्हणून तर ती केबल एवढी मऊ आणि स्वस्त! चित्र नेणारी म्हणून विकली जाणारी सी-टाइप केबल कुणाकडून तरी मागून आणा आणि लावून बघा.

तरीही अंधारच असेल तर लॅपटॉपच्या पोर्टाकडे या. शेजारी डी आणि पी एकमेकांत गुंतलेलं चिन्ह किंवा विजेचा बाण असेल तर त्यातून चित्र बाहेर येतं. काहीच छापलेलं नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. दोनपैकी एकाच पोर्टातून चित्र देणारे लॅपटॉपही पुष्कळ आहेत, तेव्हा दोन्हींत लावून पाहा. आणि हो, लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे का? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर साधी एचडीएमआय केबल घ्या आणि कामाला लागा, सी-टाइपचा हट्ट कशाला?

मी घरून काम करते. खुर्चीवरून उठले की मॉनिटर दोन सेकंद काळा होतो आणि आपोआप परत येतो. बसतानाही कधी कधी होतं. घरातले माझी चेष्टा करतात. मी खरंच सांगतेय. — एक वाचक, नाशिक

तुम्ही खरंच सांगताय. आणि घरातल्यांनी मला हसायला हवं होतं, कारण हा प्रकार पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही हसले होते. एका आर्किटेक्टच्या ऑफिसातला मॉनिटर माझ्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा काउंटरवर तीन-तीन तास लावून ठेवला, एकदाही डोळा मिटला नाही त्याने. तिसऱ्यांदा मीच तिथे गेले. चहा आला, साहेब कप घ्यायला उठले आणि स्क्रीन गप्पकन काळा. ते परत बसले, पुन्हा उठले, पुन्हा काळा. चहा तसाच राहिला.

दोष खुर्चीचा. गॅसच्या दांड्यावर वर-खाली होणारी खुर्ची असेल तर उठता-बसताना कपडे आणि गादी एकमेकांपासून सुटतात, स्थिर वीज साठते आणि खुर्चीच्या धातूच्या भागांत झटक्याने उतरते. त्या झटक्याची लहर हवेतून जवळच्या व्हिडिओ केबलीत शिरते. केबलीवरचं जाळीचं आवरण पातळ असेल तर सिग्नल तुटतो. मग लॅपटॉप आणि मॉनिटर एकमेकांची नव्याने ओळख करून घेतात, त्यात ते दोन सेकंद जातात. कोरड्या हवेत हे जास्त होतं. नाशिकच्या थंडीत सुरू झालं असेल, तर पावसाळ्यात कमी झाल्याचंही आठवेल तुम्हाला.

खात्री करायची तर अर्धा दिवस स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेऊन बसा. पाठ दुखेल, पण निकाल लागेल. स्टुलावर चित्र जात नसेल तर जाड आवरणाची, आखूड केबल घ्या. दोन मीटरचं काम असताना पाच मीटरची नको. टोकाला काळा फेराइटचा मणी, म्हणजे अशा लहरी अडवणारा जाड गोळा, असलेली मिळाली तर उत्तम. केबल टेबलाच्या मागून वळवा, खुर्चीच्या पायांपाशी लोंबू देऊ नका.

मॉनिटर ४के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचा, असेल तर आणखी एक परीक्षा आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचे, ३० करा. ४के चित्र ६० हर्ट्झवर न्यायला एचडीएमआय २.० लागतं, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतचा रस्ता. जुन्या एचडीएमआय १.४ चा रस्ता १०.२ गिगाबिटचाच. ३० वर लुकलुकणं थांबलं तर तुमची केबल आधीच काठावर चालत होती, खुर्चीने फक्त धक्का दिला. कायम ३० वर मात्र ठेवू नका, माउस चिखलातून चालल्यासारखा वाटतो.

अर्थिंगही तपासून घ्या, वायरमनकडून, स्वतः नव्हे. थ्री-पिन टॉपची जाड पिन, तीच अर्थिंगची, काढून टाकलेले चार्जर मी आठवड्याला दोन तरी बघते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा तेच. अशा घरात आधी केबल जोडायची, मग मॉनिटरचं आणि चार्जरचं बटण चालू करायचं.

टीव्हीला लॅपटॉप जोडला की खालची पट्टी आणि घड्याळ अर्धं कापलं जातं. — एक वाचक, बार्शी

हे टीव्हीचं काम, लॅपटॉपला हात लावू नका. जुन्या डबा टीव्हीच्या काळापासून चित्राच्या कडा थोड्या बाहेर ढकलायची सवय आहे टीव्हींना. रिमोटवर चित्राच्या आकाराचं सेटिंग शोधा. कंपनीप्रमाणे त्याला ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ असं काही नाव असेल, ते चालू करा. काही टीव्हींत त्या इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं की अक्षरंही स्वच्छ दिसतात.

आमच्या जिल्हा परिषद शाळेला एक रुंद मॉनिटर भेट मिळाला. त्याला फक्त निळं व्हीजीए आहे, लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, अशी केबल आणली, काहीच दिसलं नाही. मग डबीवाला कन्व्हर्टर आणला. आता दिसतं, पण सगळी माणसं जाडी दिसतात. — एक शिक्षक, ता. शाहूवाडी

गुरुजी, पहिल्या केबलीचे पैसे गेले असं समजा. व्हीजीए १९८७ सालचं, ॲनालॉग, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या विजेची भाषा. एचडीएमआय डिजिटल, म्हणजे आकड्यांची भाषा. मध्ये भाषांतर करणारी चिप नसेल तर नुसती तार काय करणार? डबीत ती चिप आहे. काही डब्यांना वेगळी वीजही द्यावी लागते. कडेला छोटं यूएसबीचं भोक असेल तर तिथून द्या.

आता जाडी माणसं. मॉनिटर आपण किती रुंद आहोत हे केबलीतूनच लॅपटॉपला कळवत असतो. ती माहिती पोचली नाही तर लॅपटॉप अंदाजाने १०२४ बाय ७६८ पाठवतो आणि मॉनिटर ते ओढून ताणून पसरवतो. निळा प्लग उजेडात धरा. तीन ओळींत १५ टाचण्यांची जागा असते. नववी टाचणी बऱ्याच केबलींत मुळातच नसते, तिच्यासाठी घाबरू नका. माहिती जाते ती बाराव्या आणि पंधराव्या टाचणीतून, दोन्ही शेवटच्या ओळीत. एखादी वाकली असेल तर सगळं बंद करून, लीडच्या पेन्सिलीचं रिकामं टोक तिच्यावर बसवा आणि हलक्या हाताने सरळ करा. पक्कड नको, तुटेल. तुटलेली असेल तर केबल बदला. टाचण्या ठीक असतील तर केबलीत किंवा डबीत त्या तारा जोडलेल्याच नसतील, दोन्ही बदलून पाहा. तोवर डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरच्या मागे लिहिलेलं रिझोल्यूशन यादीत मिळतंय का बघा, आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबा.

व्हीजीएतून आवाज जात नाही. मुलांना कविता ऐकवायची तर स्पीकर लॅपटॉपलाच लावा.

मॉनिटर जोडला की लॅपटॉपचा आवाजच जातो. — एक वाचक, डोंबिवली

एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही मॉनिटरकडे गेला. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचा स्पीकर निवडा. तुमच्या मॉनिटरला स्पीकरच नसणार, तो आवाज गिळून बसलाय.