सेमिटिक वाक्यविन्यासाच्या संशोधनासाठी जर्मनीला यावे का?

तुम्ही भाषाविज्ञानात एम.ए. केले आहे, दोन वर्षे अरबी शिकला आहात, आणि सेमिटिक भाषांच्या (अरबी, हिब्रू, अरमाईक यांसारख्या) वाक्यविन्यासावर, म्हणजे वाक्यरचनेवर, पीएच.डी. करण्यासाठी जर्मनीला यावे की जिथे सगळे इंग्रजीत चालते अशा देशात जावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बारा वर्षांपूर्वी याच विषयासाठी पुण्याहून इथे आलो, म्हणून सविस्तर लिहितो. माझे पहिले सांगणे हे की देश आधी ठरवू नका. आधी भाषा ठरवा आणि ती बोलणारी माणसे आज कुठे राहतात ते पाहा.

अभिजात अरबीत क्रियापद कर्त्याच्या आधी आले तर कर्ता अनेकवचनी असूनही ते एकवचनीच राहते, आणि कर्ता पुढे आला की तेच क्रियापद अनेकवचनी होते, हे तुम्ही शिकलाच असाल. यावर गेल्या चार दशकांत पुष्कळ आणि उत्तम लिहिले गेले आहे. हिब्रूतील षष्ठीसारख्या नामजोड्यांचेही तसेच आहे. त्या प्रश्नांवर काम करायचे असेल तर जेरुसलेम, तेल अवीव, जिनिव्हा किंवा अमेरिकेतील विद्यापीठे अधिक सोयीची आहेत. जर्मनीचे बलस्थान वेगळे आहे. आग्नेय तुर्कस्तानातील तूर आब्दीन या डोंगराळ भागातले सिरियाक ख्रिस्ती लोक १९६० च्या दशकापासून आधी कामगार म्हणून आणि पुढे आश्रय मागत इथे आले, आणि त्यांची तुरोयो ही अरमाईक बोली आज पश्चिम जर्मनीतल्या वेस्टफालिया भागात घराघरांत ऐकू येते. बर्लिनच्या फ्राय विद्यापीठात या बोलीवर मोठे काम चालते.

तुरोयोत ‘ग्रश्ले’ म्हणजे ‘त्याने ओढले’. ओढलेली ती स्त्रीलिंगी असेल तर ‘ग्रिशोले’, आणि ते अनेक असतील तर ‘ग्रिशिले’. शेवटचे ‘ले’ कर्त्याचे आहे, आणि त्याच्या आधीचा स्वर कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. आता ‘त्याने दोर ओढला, दोरी ओढली, दोऱ्या ओढल्या’ ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. शाळेत आपण ज्याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो, त्याच्या फार जवळची ही रचना आहे, आणि दोन्हीकडे ती मुख्यतः भूतकाळात दिसते. वर्तमानकाळात तुरोयोतही कर्त्याची खूण निराळी असते. दोन्हींचा उगमही सारखा आहे: मराठीचे रूप संस्कृतच्या क्तान्त (‘कृत’, ‘गत’ यांसारख्या) धातुसाधितावरून आले, तर तुरोयोचे जुन्या अरमाईकमधल्या ‘ओढलेला’ अशा अर्थाच्या धातुसाधिताला ‘ल’ हे शब्दयोगी अव्यय जोडून तयार झाले. (हा ‘ल’ आणि आपला ‘ला’ यांचे काही नाते नाही, अशा योगायोगांपासून सावध राहा.) फरकही तितकेच मोलाचे आहेत. मराठीत ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, तुरोयोत मात्र सर्व पुरुषांना एकच नियम आहे. तुरोयोतली ही रचना शेजारच्या कुर्दीमुळे आली की अरमाईकच्या पोटातूनच, यावर अजून वाद आहे. ज्याच्या तोंडी कर्मणी प्रयोग जन्मापासून आहे, त्याला या वादात सांगण्यासारखे पुष्कळ आहे, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या वर्षी मी वेस्टफालियातल्या तुरोयो बोलणाऱ्या एका आजींच्या स्वयंपाकघरात वाक्यांची यादी घेऊन बसलो होतो. प्रत्येक वाक्यानंतर ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारत होतो, आणि त्या चहा ओतता ओतता प्रत्येकाला ‘हो’ म्हणत होत्या, कारण घरी आलेल्या पाहुण्याला चूक म्हणणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. तीन आठवड्यांची ती टिपणे मला बाजूला ठेवावी लागली. पुढे मी यादी आणणे सोडले, आणि विहिरीतून पाणी कसे ओढत असत ते सांगा म्हटले. त्या अर्ध्या तासात मला हवी असलेली सगळी रूपे आपोआप आली. म्हणून संशोधनाच्या आराखड्यात वाक्यांच्या पारखीइतकीच जागा सलग कथनाला द्या.

जर्मन भाषेला मात्र पर्याय नाही. नोल्डेके यांचे नवसिरियाक व्याकरण १८६८ चे, ब्रोकेलमान यांच्या तौलनिक व्याकरणाचा वाक्यविन्यासावरचा दुसरा खंड १९१३ चा. दोन्ही जर्मनमध्ये आहेत, आणि तुरोयोवरचे पुष्कळसे मूळ काम आजही त्याच भाषेत आहे. शिवाय इथे वाढलेली तरुण पिढी तुमच्याशी जर्मनमध्येच बोलेल. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनची बी-२ पातळी पूर्ण करूनच निघा.

पैशाचे थोडक्यात सांगतो. शक्यतो पगारी संशोधकाची जागा मिळवून या, जरी ती बहुधा अर्धी किंवा ६५ टक्के वेतनाची असली तरी. स्वतःच्या खर्चाने आलात, तर व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षभराचे पैसे दाखवावे लागतात (२०२५ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो होती). मुदतीच्या करारांवर साधारणपणे डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षेच काम करता येते, आणि या छोट्या विषयात कायमच्या जागा फार थोड्या आहेत. माझा स्वतःचा एक करार संपण्यापूर्वी जेमतेम दोन महिने आधी कळले की तो वाढणार नाही. त्या हिवाळ्यात घरी पैसे मागताना फार जड गेले, म्हणून घरच्यांशी हे बोलणे निघण्यापूर्वीच करा.

आराखड्याचा मसुदा झाला की मला पाठवा. त्यात कोणत्या गावची बोली घेणार ते स्पष्ट लिहा, कारण तूर आब्दीनमधल्या मिद्यात शहराची तुरोयो आणि आसपासच्या खेड्यांची तुरोयो एकच नाही.