शेंगदाण्याचा कंटेनर समुद्रमार्गे पाठवायचा आहे. माल खराब होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की सौराष्ट्रातला बोल्ड (जाड जातीचा) दाणा व्हिएतनामला पाठवायचा आहे, तर तो सुटा भरावा की गोण्यांत, आणि बुरशी कशी टाळावी. मी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात शेतमालाच्या निर्यातीचंच काम पाहतो. माझं मत विचाराल तर गोण्याच. सुटा दाणा घासून फुटतो, सालं निघतात, आणि एक कोपरा भिजला तर तेवढाच माल वेगळा काढता येत नाही. 20 फुटी कंटेनरमध्ये साधारण 19 टन बसतात.

आता खरा मुद्दा: पाणी. 19 टन दाण्यात 8 टक्के ओलावा धरला, तर दीड हजार लिटरहून जास्त पाणी तुम्ही स्वतःच कंटेनरमध्ये भरताय. दिवसा पत्रा तापतो, दाणा वाफ सोडतो. रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ छताला थेंब होऊन वरच्या थप्पीवर टपकते. बाहेर पावसाचा टिपूस नसतानाही वरच्या गोण्या भिजतात त्या अशा. मग बुरशी, आणि बुरशीमागून अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष. म्हणून ओलावा 7 टक्क्यांच्या आत हवाच, आणि तो भरायच्या दिवशी मोजलेला हवा. कारखान्याचा रिपोर्ट जुना असतो, मधल्या काळात माल गोदामात दमट हवा खात पडलेला असतो. गोणीच्या तोंडाशी नव्हे, नळी खुपसून मधला दाणा काढून मोजा.

कंटेनर आला की एकाने आत उभं राहायचं आणि दुसऱ्याने बाहेरून दार लावायचं. अंधारात छताला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी कंटेनर परत पाठवा. गाडीवाला कुरकुर करेल, करू द्या. खालची फळी नुकती धुतलेली असेल तर ती आतून ओली असते, हात लावून कळत नाही, तिथेही ओलावा मोजायचं मीटर लावा. आणि वास घ्या. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, आधीच्या मालाचा वास तो पटकन ओढतो.

भिंतींना आणि छताला क्राफ्ट पेपर (जाड तपकिरी कागद) लावा, वर मोकळी जागा सोडा, कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. पण त्या थोडंसंच पाणी ओढतात. ओला माल त्या सुकवून देतील या भरवशावर राहू नका. बुकिंग करताना कंटेनर जहाजाच्या डेकखाली ठेवायला सांगा, म्हणजे पत्रा उन्हात तापणार नाही; शिपिंग लाइन ऐकेलच असं नाही.

अफ्लाटॉक्सिनची गंमत अशी की ते सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. मूठभर वाईट दाणे अख्खा लॉट (एकत्र तपासलेला माल) नापास करतात. म्हणून युरोपात मोठ्या लॉटमधून 100 ठिकाणचा मिळून 20 किलो नमुना घेतात, आणि थेट खायच्या दाण्याला एकूण मर्यादा किलोमागे फक्त 4 मायक्रोग्रॅम. भाजूनही ते पूर्ण जात नाही. चार गोण्यांतून मूठभर दाणे देऊन आणलेल्या 'पास' सर्टिफिकेटला मी फार किंमत देत नाही. अपेडाची (शेतमाल निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेची) पीनट डॉट नेट ही मालाचा माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था यासाठीच आहे, प्रयोगशाळा त्यांच्या मान्यतेचीच घ्या.

व्हिएतनामसाठी किडीकडे जास्त लक्ष द्या. 2015 मध्ये त्यांनी भारतीय शेंगदाण्याची आयातच काही महिने थांबवली होती, ती दाणा पोखरणाऱ्या भुंग्यामुळे. फ्युमिगेशन (कीड मारायला गॅस सोडणं) कुठल्या गॅसचं चालेल हे खरेदीदाराकडून लेखी घ्या. युरोपला मिथिल ब्रोमाइड हा गॅस चालत नाही. फॉस्फिन हा दुसरा गॅस वापरला तर दारावर इशाऱ्याचं स्टिकर लावा आणि तिकडच्या माणसांना हवा खेळू दिल्याशिवाय आत शिरू नका म्हणून कळवा. तो गॅस जीव घेतो.

शेवटचं, विम्याबद्दल. 'ऑल रिस्क' पॉलिसी असली तरी मालाच्या अंगच्या दोषामुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही, आणि दाण्यातला जादा ओलावा कंपनी नेमका त्याच खात्यात टाकते. भरताना सर्व्हेयर (मालाची स्वतंत्र तपासणी करणारा) उभा करा, मीटरच्या आकड्यासह फोटो काढा आणि रिपोर्टवर त्याची सही घ्या.