कडुनिंबाचं तेल मोजताना

ताई, जास्वंदीवरच्या मिलीबगला (कापसासारखी पांढरी कीड) घाबरू नका, कडुनिंबाचं तेल फवारा. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई नको. तिच्यावर सीसी लिहिलं असेल तर तेच मिली. एक लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि १-२ मिली भांड्यांचं लिक्विड. आधी तेल-साबण नीट घोटा, मग पाणी. नाहीतर तेल वरच तरंगतं.

नवखे इथे चुकतात:
- घरचा चमचा. मापाचा ५ मिलीचा असतो, पोहे खायचा कितीचाही!
- मापाचा पेला हातात तिरका धरणं. ओट्यावर ठेवून डोळे रेषेच्या पातळीत आणा.
- ‘थोडं जास्तच घालू.’ पानं करपतात. आपल्या इंदूरच्या उन्हात तर फवारणी संध्याकाळीच.