सासूबाईंसाठी रडतेय, त्यात लाजायचं काय?

नाशिकहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. सतरा वर्षं एकत्र राहिलेल्या तिच्या सासूबाई जानेवारीत गेल्या. नणंद म्हणाली, "आई माझी गेलीय, तू कशाला एवढं करतेस?" नवरा म्हणतो बिझी राहा, म्हणून मग सकाळी योगा, दुपारी ऑनलाइन कोर्स, मधल्या वेळात कपाटं आवरणं, पण चार वाजले की तिला घरात थांबवत नाही कारण तो दोघींच्या चहाचा टाइम. त्यात मागच्या आठवड्यात पावसात कांदाभजी खाताना मनापासून हसली आणि रात्रभर अपराधी वाटत राहिलं. विचारतेय, दुःखाच्या पाच स्टेजपैकी मी कुठे आहे आणि यातून बाहेर कधी पडणार?

अगं, आधी ते स्टेजचं डोक्यातून काढ. व्हॉट्सॲपवर फिरतात त्या पाच पायऱ्या, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये मांडल्या, त्याही मुळात जे स्वतःच मरणाच्या दारात होते अशा पेशंटशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या, त्यामुळे आपली एखादी पायरी राहिली की काय असला हिशोब करत बसू नकोस. मला तरी नेदरलँड्सच्या स्ट्रोबे आणि स्खुट या दोघांचं जास्त पटतं, ते १९९९ मध्ये म्हणाले की माणूस थोडा वेळ दुःखात असतो, थोडा वेळ रोजच्या कामात, परत दुःखात, ही ये-जा चालू राहते आणि ती तशी असलेलीच बरी. म्हणजे भजी खाताना हसलीस तर सासूबाईंना विसरलीस असं होत नाही. तुझी अडचण उलटी आहे, तू ये-जा होऊच देत नाहीयेस, सकाळपासून एकाच बाजूला पळतेयस आणि मग चार वाजता सगळं एकदम अंगावर येतं.

आपल्याकडे शेजारी पिठलं-भात आणून देतात, दहावा होतो, तेरावा होतो, गोडाचं जेवण झालं की पाहुणे पांगतात आणि मग थेट पहिल्या दिवाळीला सगळ्यांना आठवण येते. सुनेला तर त्या तेरा-चौदा दिवसांतही धड बसायला मिळत नाही, आल्यागेल्याचा चहा कोण करणार? तूच केला असणार, पैज लावते! तुझं रडायचं तेव्हाच राहून गेलंय गं.

आता चारचं. रोज नाही जमणार, पण आठवड्यातून दोनदा तरी घरात थांब, मोबाइल आत ठेव आणि चहा टाक. आलं किस, उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहा, रडू आलं तर येऊ दे. आणि सासरे आहेत ना घरात? अख्ख्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, की ते हॉलमध्ये टीव्ही लावून बसतात. त्यांच्या हातात कप दे आणि शेजारी टेक, बोलायलाच पाहिजे असं काही नाही. त्यांनाही चार वाजता कुणीतरी हवं असेल.

एक मात्र सिरियसली सांगते. वर्ष उलटून गेलं तरी रोज हे असंच राहिलं, जेवण-झोप उडाली, तर डॉक्टरांना भेट. आणि जगावंसंच वाटेनासं झालं तर एक दिवसही थांबायचं नाही, १४४१६ लावायचा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

राहिला तो कुरडयांचा डबा. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी घातलेल्या शेवटच्या, संपतील म्हणून तू तळत नाहीयेस. तळ गं! तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग चीक काढायचा, भल्या पहाटे उठून तो घोटायचा, सोऱ्या दाबून दाबून हात भरून यायचे त्यांचे, ते काय डबा बघत बसायला? चार तळ, कढईत कशा फुलतात ते बघ, दोन सासऱ्यांना दे. आणि पुढच्या उन्हाळ्यात कुरडया घालायला नणंदेला बोलाव. तिची आई गेलीय हे खरंच आहे, भांडू नकोस त्यावरून. तूच लिहिलंयस की प्रमाण कुणीच लिहून ठेवलेलं नाही, मग अर्धं तुला आठवेल, अर्धं तिला, पहिल्या वेळी गाठी होतील, एकमेकींवर चिडालही, पण गरम गरम चीक दूध-साखर घालून खायला तर मिळेल दोघींना.